राउटरशेजारचं फडताळ

बारशाचे, लग्नाचे, आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटो आज घरातल्या चार फोनांत विखुरलेले असतात. त्यांना घरातच एक जागा करून देता येते: राउटरशेजारी चोवीस तास चालू असलेला छोटा संगणक आणि त्याला जोडलेली हार्ड डिस्क. घरातला कोणताही फोन वा लॅपटॉप त्या सामाईक फडताळात हवं ते ठेवतो, हवं ते काढतो.

चोवीस तास चालायचं, म्हणून आधी विजेचा हिशेब. १० वॅटचं यंत्र महिन्याला साधारण ७ युनिट खातं. माळ्यावरचा जुना डेस्कटॉप ६० वॅट घेत असेल तर ४३ युनिट. फुकटचा डेस्कटॉप असा दर महिन्याला पैसे मागत राहतो. २०१९ साली आलेला रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक एका लहान डिस्कसकट १० वॅटच्या आत राहतो. त्याआधीच्या पाय ३मध्ये नेटवर्कची वाट जुन्या, संथ यूएसबीतून जाई. ४मध्ये खरं गिगाबिट नेटवर्क आणि यूएसबी ३ दोन्ही आहेत. केबलने जोडलं तर सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास वेग मिळतो. वायफायवर तो बराच कमी होतो, म्हणून पहिली मोठी भरणी केबलनेच करावी.

बहुतेकांचं अडतं ते डिस्कच्या विजेपाशी. पाय ४ चारही यूएसबी मिळून १.२ अँपिअरच देतो. अडीच इंची डिस्क फिरू लागताना एकटीच एक अँपिअरच्या जवळ जाते. दुसरी जोडली की टकटक आवाज येतो, डिस्क मध्येच दिसेनाशी होते, आणि माणूस चांगल्या डिस्कला खराब समजतो. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घेतला की हे दुखणं जातं. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, तिचा अडॅप्टर वेगळाच असतो.

सॉफ्टवेअर सोपं आहे. डेबियनवर बांधलेलं ओपनमीडियाव्हॉल्ट मोफत मिळतं आणि ब्राउझरमधून चालवता येतं. बाहेरगावाहून फोटो बघायचे असतील तर या फडताळासाठी राउटरचं पोर्ट थेट उघडू नका. वायरगार्डसारखा व्हीपीएन वापरा.

वीज गेली की लिहीत असलेली फाइल अर्धवट राहते, त्यामुळे छोटा यूपीएस हवाच. बॅटरी धड असलेला जुना लॅपटॉप वापरलात तर तोच स्वतःचा यूपीएस होतो. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र तो मुळीच वापरू नये.

आता दुसरी डिस्क. अनेक जण दोन डिस्क आरशासारख्या जोडतात. एक बंद पडली तर दुसरी चालते, पण चुकून पुसलेला फोटो दोन्हींवरून त्याच क्षणी जातो. घरासाठी मला रात्रीची नक्कल अधिक पटते: आरसिंक रोज नवं तेवढंच दुसऱ्या डिस्कवर उतरवतो, आणि डिलीटचा पर्याय दिला नाही तर तिथलं काही पुसत नाही.

तरीही दोन्ही डिस्क एकाच खोलीत राहतात. तिसरी गणपतीला गावी न्यावी, गेल्या वर्षीची परत आणावी. निघण्यापूर्वी तिथल्या संगणकावर नव्या डिस्कमधले दहा-बारा फोटो उघडून बघावेत, त्यात आजीच्या पंच्याहत्तरीचेही.