अग्नीचा शेष

रानातला वणवा वनखात्याने विझवावा आणि घरादारांची आग अग्निशामक दलाने, अशी सोयीस्कर वाटणी समाजाने फार दिवस मानली. नगरे डोंगरांवर चढू लागली आणि ही वाटणी मोडली. आज सड्यावरील सुक्या गवताला लागलेली ठिणगी घटकाभरात एखाद्या वसाहतीच्या अंगणात येते, आणि तेथे धावून जाण्याचा प्रसंग येतो तो शहरातल्या बंबवाल्यांवर. म्हणूनच, या विद्येत मुरलेल्या लॉस एंजेलिस या अमेरिकन नगराचा अनुभव आपण डोळसपणे पाहावा, असे आम्हांस वाटते.

घराची आग एका जागी असते. तिच्यावर पाणी मारून ती विझविता येते. वणवा चालता असतो. चढणीवर त्याची ज्वाळा पुढच्या झुडपांकडे झुकून त्यांना आधीच सुकविते, म्हणून तो उतारापेक्षा चढावर अधिक वेगाने धावतो. वाऱ्यावर उडालेल्या ठिणग्या तर त्याच्याही पुढे जाऊन नवी आग लावतात. अशा शत्रूला समोरून भिडणे हा आत्मघात होय. त्याचे अन्न तोडणे हाच खरा उपाय. जळालेल्या किंवा उघड्या जागेपासून आरंभ करून, दोन्ही बगलांनी, कुदळ-फावड्याने माती उघडी पडेपर्यंत जाळरेषा काढीत जवान पुढे सरकतात. अवजड बंब रानात शिरत नाही, म्हणून चालता चालता पाणी मारणाऱ्या हलक्या गाड्या ते बाळगतात. कामाला हात घालण्यापूर्वी टेहळणीचा माणूस, परस्परसंपर्क, माघारीची वाट आणि सुरक्षित जागा या चार गोष्टी निश्चित करणे हा त्यांचा दंडक आहे.

परंतु खरी लढाई आगीआधीच लढली जाते. ६ नोव्हेंबर १९६१ रोजी त्या नगराच्या बेल एअर भागात वणवा शिरला आणि ४८४ घरे भस्मसात झाली. लाकडी फळ्यांच्या छपरांनी आणि घरांना लगटून वाढलेल्या झुडपांनी त्याला वाट करून दिली होती. त्यानंतर नियम कडक झाले. आज धोक्याच्या टापूत घरापासून २०० फुटांपर्यंतचे गवत-झुडूप आटोक्यात ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. मे महिन्यापासून तपासणी सुरू होते. मालकाने टाळाटाळ केल्यास नगर स्वतः सफाई करून खर्च त्याच्याकडून वसूल करते. कोरडा, सोसाट्याचा वारा सुटण्याची चिन्हे दिसताच डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवर गाड्या उभ्या करण्यास मनाई होते, कारण बंबाची वाट अडली की पुढचे सारेच अडते.

इतकी सिद्धता असूनही ७ जानेवारी २०२५ रोजी पॅसिफिक पॅलिसेड्स या त्याच नगराच्या भागात पेटलेल्या वणव्यात बारा जीव गेले आणि ६,८०० हून अधिक इमारती नष्ट झाल्या. वाऱ्यामुळे त्या रात्री विमाने-हेलिकॉप्टरे जमिनीवर खिळली. पाण्याची मागणी सतत पंधरा तास नेहमीच्या चौपट झाली, प्रत्येकी सुमारे दहा लाख गॅलनांच्या तीन टाक्या पहाटेपर्यंत रिकाम्या पडल्या आणि उंचावरील नळ कोरडे झाले. जवळचा मोठा जलाशय दुरुस्तीसाठी आधीपासूनच रिता होता. याहून विचार करावयास लावणारा निष्कर्ष केंद्रीय तपासयंत्रणेने ऑक्टोबर २०२५ मध्ये मांडला: १ जानेवारीला लागलेली एक लहान आग विझली असे मानले गेले, ती मुळांच्या आत जमिनीखाली धुमसत राहिली आणि सहा दिवसांनी वाऱ्याने तीच वर काढली. ऋण, शत्रू आणि अग्नी यांचा शेष ठेवू नये, हे आपले पूर्वज सांगत आले. त्या वचनाची याहून दाहक प्रचीती कोणती?

गोमंतकाला हे परके नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांत वणवे पेटले, तेव्हा नौदल व हवाई दलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. त्यांचे साहाय्य मोलाचे होते. तथापि आकाशातून पडणारे पाणी आगीचा वेग मोडते, तिचा शेवट करीत नाही. तो जमिनीवरच्या माणसाच्या हातूनच होतो. काजूच्या बागा, सुके सडे आणि टेकड्यांच्या कडांपर्यंत भिडलेली नवी घरे यांचा विचार करता, पंचायतींनी दिवाळीनंतर गवत सुकू लागताच वस्तीभोवती जाळरेषा काढाव्यात. अग्निशामक दल व वनखाते यांचा संयुक्त सराव शिमग्यापूर्वीच व्हावा. आणि विझलेल्या प्रत्येक वणव्यावर काही दिवस पहारा ठेवण्याचा नियम व्हावा, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

यांपैकी एकाही गोष्टीला हेलिकॉप्टर लागत नाही. कोयता, कुदळ आणि वेळेवर दिलेला हुकूम एवढेच लागते. तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय पाण्याच्या बाबतीत कदाचित निभावून जाईल. आगीच्या बाबतीत ती निभावणार नाही. ज्या जवानांना आपण आगीच्या तोंडी पाठवितो, त्यांच्यासाठी एवढी तजवीज करणे हे शासनाचे आणि नागरिकांचे किमान कर्तव्य आहे.