फिफ्टी

५० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेम कॅमेऱ्याला लावा आणि समोरच्या माणसापासून ३ मीटरवर उभे राहा. कॅमेरा उभा धरला तर चौकटीत सव्वादोन मीटरपेक्षा किंचित कमी उंची मावते. म्हणजे माणूस डोक्यापासून पायापर्यंत येतो, वर-खाली थोडी मोकळी जागाही राहते. दोन पावलं पुढे गेलात की तो कमरेपर्यंत येतो, आणखी एक पाऊल टाकलंत की चेहरा आणि खांदे. ही सगळी बोलण्याची अंतरं आहेत. समोरच्याला हाक न मारता, आवाज न चढवता काही सांगता येतं ती. फोटोग्राफर मंडळी या लेन्सला नुसतं ‘फिफ्टी’ म्हणतात, आणि फुल फ्रेम कॅमेरा घेतलेल्या प्रत्येकाला पहिली लेन्स कोणती घ्यावी हे सांगायची वेळ आली की मी तिचंच नाव घेतो.

हीच लेन्स लहान सेन्सरच्या, एपीएस-सी कॅमेऱ्याला लावली तर तोच माणूस पूर्ण टिपायला साडेचार मीटरपर्यंत मागे जावं लागतं. आपल्याकडच्या दहा बाय दहा फुटांच्या खोलीत त्याआधीच पाठ भिंतीला टेकते. लेन्स तीच आहे, तिने पडद्यावर टाकलेली प्रतिमाही तीच आहे, फक्त सेन्सर तिचा मधला तुकडा उचलतो. फुल फ्रेमचा सगळ्यात मोठा फायदा मला यातच दिसतो. मेगापिक्सेल नंतर.

लेन्स निवडताना लोक ‘किती जवळ आणते’ असं विचारतात. प्रश्न खरा असा आहे की तुम्हाला उभं कुठे राहायचंय? चेहऱ्यावर नाक मोठं दिसणं, कान मागे गेल्यासारखे वाटणं, मागचा डोंगर अंगावर आल्यासारखा दिसणं, हे सगळं अंतरावर ठरतं. खात्री करून घ्यायची असेल तर जागा न सोडता एकाच माणसाचा फोटो २८ आणि ८५ मि.मी. दोन्ही लेन्सने काढा, आणि २८चा फोटो कापून ८५च्या चौकटीएवढा करा. नाक-कानाचं, माणसाचं आणि मागच्या खिडकीचं नातं दोन्हींत तंतोतंत सारखं निघेल. लेन्स फक्त चौकट आखते. पण चौकट भरण्यासाठी आपण पुढे-मागे सरकतो, आणि त्या सरकण्यातून चित्र बदलतं.

फिफ्टीचा जन्म जर्मनीतल्या वेट्झलार गावचा. लाइट्झच्या कारखान्यात काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाक यांना दमा होता, आणि त्या काळचे अवजड कॅमेरे डोंगरात वाहून नेणं त्यांना झेपत नव्हतं. १९१३-१४च्या सुमारास त्यांनी सिनेमाच्या ३५ मि.मी. फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा तयार केला. सिनेमाची चौकट १८ बाय २४ मि.मी. असे, त्यांनी ती दुप्पट करून २४ बाय ३६ केली. आजच्या फुल फ्रेम सेन्सरचं माप तिथून आलेलं आहे. १९२५मध्ये लाइपझिगच्या जत्रेत हा कॅमेरा लायका या नावाने लोकांसमोर आला तेव्हा त्यावर माक्स बेरेक यांनी आखलेली ५० मि.मी.ची लेन्स पक्की बसवलेली होती. त्या चौकटीचा कर्ण साधारण ४३ मि.मी. भरतो, आणि कर्णाच्या आसपासचं नाभीय अंतर डोळ्याला सहज वाटतं. ५० त्याच्या जरा पुढे आहे. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी बहुतेक आयुष्य याच मापाच्या लेन्सवर काढलं. १९४८मध्ये गांधीजींच्या अंत्ययात्रेची छायाचित्रं काढणारे ते हेच.

फिफ्टी स्वस्त आणि हलकी का असते, याचं उत्तर याहूनही जुनं आहे. १८९६मध्ये त्साइस कंपनीच्या पाउल रुडॉल्फ यांनी प्लानार नावाची लेन्स आखली. सहा काचा, चार गटांत, मध्ये छिद्र, आणि छिद्राच्या दोन्ही बाजूंना जवळपास एकसारखी रचना. पुढच्या अर्ध्या भागाने केलेले दोष मागचा अर्धा भाग उलट दिशेने करतो आणि बरेचसे दोष एकमेकांना खोडून काढतात. कल्पना देखणी होती, पण काच आणि हवा यांच्या सीमा आठ, आणि लेप नसलेल्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परतून जायचा. हिशेब केला तर चौथ्या हिश्शाहून जास्त प्रकाश वाटेतच गळायचा. नुसता गळायचा नाही, काचांमध्ये भटकून चित्र पांढुरकं करायचा. १९३५मध्ये त्साइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ लेप चढवून हे परावर्तन कमी करण्याची युक्ती शोधली आणि चाळीस वर्षं जुनी रचना खऱ्या अर्थाने कामाला लागली. पुढे ५० मि.मी. एफ/०.७ एवढी उघडी प्लानारही बनली, ‘नासा’साठी. स्टॅन्ली कुब्रिक यांनी १९७५च्या ‘बॅरी लिंडन’मधले प्रसंग नुसत्या मेणबत्त्यांच्या उजेडात टिपले ते तिच्या जोरावर.

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा आला. ३५ किंवा २८ मि.मी.च्या लेन्सला त्या आरशासाठी जागा सोडायची तर रचना उलटी-सुलटी करून, जास्त काचा घालून मोठी करावी लागते. फिफ्टीला ती कसरत फारशी करावी लागत नाही. म्हणून कॅननची १९९०ची ५० मि.मी. एफ/१.८ प्लॅस्टिकच्या माउंटसह १३० ग्रॅममध्ये बसली, आणि तिच्याइतक्या कमी पैशांत इतका प्रकाश आत घेणारी दुसरी लेन्स कॅननच्या यादीत नव्हती. आज मिररलेसच्या काळात निकॉनची झेड माउंटची ५० मि.मी. एफ/१.८ बारा काचांची आणि ४१५ ग्रॅमची आहे. कोपऱ्यापर्यंत धारदार, उघडी ठेवली तरी. मला दोन्ही पटतात. ४५ मेगापिक्सेलच्या बॉडीवर मोठे प्रिंट काढायचे असतील तर दुसरी घ्या. गळ्यात दिवसभर कॅमेरा वागवायचा असेल तर पहिलीच्या जातीची.

डिजिटल आलं तेव्हा फिफ्टी काही वर्षं आपल्या जागेवरून हलली होती. १९९९च्या निकॉन डी१चा सेन्सर क्षेत्रफळाने मूळ चौकटीच्या निम्म्याहून लहान. त्यावर ५०ची चौकट ७५ मि.मी.सारखी व्हायची. २००२मध्ये कॅननचा ११ मेगापिक्सेलचा ईओएस-१डीएस आला, २००५मध्ये ५डी, २००७मध्ये निकॉनचा डी३, आणि २०१३मध्ये सोनीचा ए७. ५डी आल्यावर फुल फ्रेम व्यावसायिकांपलीकडच्या लोकांच्याही आवाक्यात आला, आणि कपाटातल्या जुन्या लेन्सना आपली मूळ नजर परत मिळाली.

इथेच माउंटचं गणित समजून घ्यायला हवं, कारण पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात. निकॉनच्या एफ माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत ४६.५ मि.मी. अंतर असतं, झेडमध्ये फक्त १६. मधले साडेतीस मिलिमीटर अडॅप्टरच्या नळीने भरून काढता येतात, म्हणून जुनी लेन्स नव्या बॉडीवर चालते. उलट जमत नाही. कॅननच्या ईएफ आणि आरएफचंही तसंच, ४४ आणि २०. पण बसणं आणि फोकस होणं या दोन वेगळ्या गोष्टी. निकॉनच्या ‘डी’ मालिकेतल्या ५० मि.मी. एफ/१.८मध्ये मोटर नाही. डी७५० किंवा डी८५० आपल्या बॉडीतल्या मोटरने तिला फिरवतात, निकॉनच्याच एफटीझेड अडॅप्टरवर मात्र फोकस हाताने करावा लागतो. आणि एपीएस-सीसाठी बनलेली लेन्स फुल फ्रेमवर लावली तर डी८५०चे ४५ मेगापिक्सेल कापले जाऊन १९च्या आसपास उरतात. बॉडीला लाखाच्या वर पैसे मोजायचे आणि किट लेन्स जुनीच ठेवायची, असं करणाऱ्यांना मी नेहमी उलटं करायला सांगतो. बॉडी जुनी घ्या, लेन्स चांगली घ्या.

आता ती वापरायची कशी. एफ/१.८ म्हणजे ५० भागिले १.८, सुमारे २८ मि.मी.चं छिद्र, दहा रुपयांच्या नाण्याएवढं. एफ/८ला ते सहा मिलिमीटरवर येतं. पूर्ण उघडी लेन्स ठेवून एक मीटरवरच्या चेहऱ्यावर फोकस केला तर धारदार पट्टा जेमतेम चार सेंटिमीटरचा मिळतो. जवळच्या डोळ्यावर फोकस पडला तर कान विरघळून जातो. मिररलेस कॅमेरे सेन्सरवरूनच फोकस करतात आणि डोळा स्वतः शोधतात, त्यामुळे हे काम आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपं झालंय. एफ/८ला तीन मीटरवर हाच पट्टा जवळपास दोन मीटरचा होतो, गर्दीत काम करताना तो फार उपयोगी पडतो. एफ/१६च्या पुढे मात्र जाऊ नका. लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि बिंदूचा डाग एफ/१६लाच सुमारे २१ मायक्रॉनचा होतो. ४५ मेगापिक्सेलच्या सेन्सरवरचा पिक्सेल साधारण साडेचार मायक्रॉनचा असतो, त्यामुळे हा डाग पाच-पाच पिक्सेल खातो.

आपल्या लेन्सचा स्वभाव पाहायचा असेल तर दिवाळीची बारीक दिव्यांची माळ खिडकीच्या गजांवर आडवी-उभी सोडा आणि खोलीतला दिवा घालवा. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून एफ/१.८ला फोकस करा. मधले दिवे ठिपके दिसतील, कोपऱ्यातल्या दिव्यांना पाखराच्या पंखांसारखी शेपटं फुटलेली दिसतील. एफ/४ला ती बहुतेक गळून जातात. आता फोकस मुद्दाम पुढे आणा. प्रत्येक दिव्याची चकती होते, मधोमध गोल, कडेला लिंबाच्या फोडीसारखी चपटी, कारण तिरप्या किरणांना लेन्सची नळी दोन्ही बाजूंनी कापते. एफ/२.८ करा, चकतीला कोन येतात. ते मोजा, तेवढी छिद्राची पाती. कुठल्या लेन्समध्ये चकतीची कड उजळ आणि टोकदार असते, कुठल्या लेन्समध्ये ती मऊ विरत जाते. पार्श्वभूमीला झाडाची पानं असली की हाच फरक फोटोभर पसरतो. लेन्सविषयी छापलेले आलेख वाचण्यापेक्षा हा अर्धा तास जास्त शिकवतो.

फिफ्टीने सगळं होत नाही, हेही सांगायला हवं. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी टिपायचे तर ६०० मि.मी. लागते, तिथे ती निरुपयोगी. लग्नाचं काम करणाऱ्याला २४-७० एफ/२.८ टाळता येत नाही. अंतरपाट खाली येण्याच्या क्षणाला लेन्स बदलायला वेळ नसतो, आणि ‘जरा मागे सरका’ असं भटजींना सांगता येत नाही.

पण निवड समजून घ्यायला वारीइतकी चांगली जागा मला माहीत नाही. दिवे घाटात चढावर उभं राहून खालच्या वळणांवर वाहणारी दिंड्यांची रांग टिपायची तर २०० मि.मी. हवी. दुरून पाहिल्यामुळे दिंड्या-दिंड्यांमधलं अंतर आटतं आणि सगळा घाट पताकांनी भरल्यासारखा दिसतो. चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणात अश्व धावतात तेव्हा ७०-२००चा झूम, कारण तुम्हाला जागा हलवता येत नाही. दिंडीच्या आत, टाळकऱ्यांच्या रांगेत चालताना ३५ किंवा ५०. तिथे टेलीने डोकावणारा माणूस वेगळा कळतो, आणि फोटोतही तो बाहेरचाच राहतो. पन्नासवर चेहरा भरायचा तर हाताच्या अंतरावर यावं लागतं, ‘माउली’ म्हणावं लागतं, त्यांच्या चालीने चालावं लागतं. वारकरी तुमच्याकडे पाहतो, दोन शब्द बोलतो, मग विसरतो आणि पुन्हा अभंगात रमतो. त्यानंतरचे फोटो पाहण्यासारखे असतात. शिवाय वाटेवर धूळ नाहीतर पाऊस असतो, लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो. एका बॉडीवर एक लेन्स सकाळी चढवावी आणि मुक्कामापर्यंत हात लावू नये.

फिफ्टी जुनी घ्यायला हरकत नाही. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं ओळीने आहेत. लेन्स हातात आली की छिद्र पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा दिवा मारा आणि तिरपं पाहा. धूळ असली तर चालते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी, ती लेपाला आणि मग काचेला खाते. पात्यांवर तेलाची चमक असेल तर छिद्र वेळेवर बंद होत नाही. फोकसचं कडं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, कुठे अडखळतं का पाहा.

बुरशीचा धोका कोकणात आणि मुंबईत सगळ्यात जास्त, आणि तो आपणच वाढवतो. चामड्याच्या पेटीत, बंद कपाटात, जून ते सप्टेंबर लेन्स पडून राहिली की ओल धरते. ड्राय कॅबिनेट घेता आलं तर उत्तम, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवावी. नाहीतर स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतात. एसी गाडीतून पावसाळी हवेत उतरताना कॅमेरा अर्धा तास पिशवीतच बंद ठेवा, म्हणजे थंड काचेवर दव धरणार नाही. आणि सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे पावसाळ्यातही लेन्स आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरणं.

दुसरी लेन्स घ्यायची वेळ आली की वर्षभराचे फिफ्टीचे फोटो उघडून बसा. वारंवार पाठ भिंतीला लागलेली दिसली तर ३५ किंवा २८ घ्या. दरवेळी फोटो कापून चेहरा मोठा केलेला दिसला तर ८५. दोन्ही दिसलं नाही, तर पैसे ठेवून द्या.