जी सगळ्यात कमी गाडी चालवेल, ती जिंकेल! सहारातली ही रॅली चालते तरी कशी?

रॅली म्हटलं की डोळ्यांसमोर येतात फुफाटा उडवत सुसाट निघालेल्या गाड्या. आणि प्रश्न एकच, पहिलं कोण आलं?

पण मोरोक्कोच्या वाळवंटात एक रॅली अशी होते, जिथे सगळ्यात आधी पोहोचल्याचं कौतुक नाही. तिथे मोजतात ते किलोमीटर. ठरलेले सगळे टप्पे गाठताना जिची गाडी सगळ्यात कमी फिरली, ती विजेती. मोबाईल बंद, जीपीएसला बंदी. हातात कागदी नकाशा आणि होकायंत्र.

या रॅलीचं नाव राली आयशा दे गझेल. गझेल म्हणजे हरीण, आपल्या चिंकाऱ्याच्या जातकुळीतलं. फ्रान्सच्या डॉमिनिक सेरा यांनी १९९० मध्ये ही स्पर्धा सुरू केली आणि तेव्हापासून तिच्यात फक्त महिलाच उतरतात. एका गाडीत दोघी. एकीच्या हातात स्टिअरिंग, दुसरीच्या हातात नकाशा. स्पर्धकांनाही ‘गझेल’ म्हणूनच हाक मारतात.

नियम काय आहेत?

पहाट व्हायच्या आत तळावर दिवे लागतात. प्रत्येक जोडीला त्या दिवसाच्या चेकपॉइंटची माहिती मिळते. रस्ता मात्र कुणी सांगत नाही. डकार रॅलीत निदान रोडबुक तरी असतं, कुठे वळायचं, कुठे खड्डा आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. इथे फक्त ठिकाण कळतं. जायचं कसं, ते तुम्ही ठरवा.

चेकपॉइंटवर लाल झेंडा असतो. तिथे नोंद करायची आणि पुढचा शोधायचा. चेकपॉइंट ठरलेल्या वेळी बंदही होतात, त्यामुळे रमतगमत जायची सोय नाही. चेकपॉइंट चुकला तर दंड, आणि तोही किलोमीटरमध्येच. गाडीत आयोजकांचं सीलबंद ट्रॅकिंग यंत्र असतं. गाडी कुठे आहे ते आयोजकांना दिसतं, आतल्या दोघींना नाही.

काही टप्पे सलग दोन दिवसांचे असतात. त्या रात्री तळावर परत यायचं नाही, वाळवंटातच तंबू ठोकायचा.

कमी अंतर म्हणजे सोपं काम?

अजिबात नाही. खरी गोम इथेच आहे.

समजा, दोन चेकपॉइंटमध्ये सरळ रेषेत १२ किलोमीटर अंतर आहे. पण मधले ५ किलोमीटर वाळूच्या टेकड्या आहेत. टेकड्यांना वळसा घातला तर २२ किलोमीटर होतात. वळसा सुरक्षित आहे, पण १० किलोमीटर जास्तीचे पडले. सरळ घुसावं तर गाडी रुतण्याची भीती. रुतली आणि दोन तास गेले, तर पुढचा चेकपॉइंट बंद होणार.

असा निर्णय दिवसातून कितीतरी वेळा घ्यावा लागतो. आपल्याला काय जमतं आणि काय जमत नाही, हे खरंखरं ओळखणं हाच या स्पर्धेतला सगळ्यात अवघड भाग.

नकाशावरून रस्ता कसा काढतात?

नकाशे जुने, कृष्णधवल आणि १:१,००,००० प्रमाणाचे असतात. म्हणजे नकाशावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर १ किलोमीटर. आधी चेकपॉइंट नकाशावर मांडायचा, पट्टीने रेषा ओढायची, कोनमापकाने दिशा काढायची.

आता ही दिशा थोडी चुकली तर? फक्त १ अंशाची चूक झाली, तरी १० किलोमीटरनंतर तुम्ही सुमारे १७५ मीटर बाजूला जाता. ५ अंश चुकले तर जवळपास पाऊण किलोमीटरच्याही पुढे. टेकाडाआड लपलेला झेंडा मग दिसणार कसा?

म्हणून दिशा बघायला नॅव्हिगेटर गाडीतून उतरते आणि चांगली लांब जाऊन उभी राहते. गाडीच्या लोखंडामुळे होकायंत्राची सुई भरकटते, हे त्यामागचं कारण. मग त्या दिशेला क्षितिजावर एखादा डोंगर किंवा झाड हेरायचं आणि तिकडे गाडी हाकायची. सपाट माळावर असं काहीच दिसत नाही, तेव्हा थोडं जायचं, थांबायचं, पुन्हा बघायचं.

गाडीच्या मीटरवरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. वाळूत चाक जागेवरच फिरतं आणि मीटर पुढे पळतो. मीटर १० म्हणत असला, तरी गाडी तितकी पुढे गेलेलीच नसते.

वाळूत गाडी चालवायची कशी?

पहिलं काम, टायरची हवा कमी करणं. डांबरी रस्त्यावर ३० ते ३५ पीएसआय हवा असते, मऊ वाळूत ती साधारण १५ पर्यंत उतरवतात. टायर बसका झाला की जमिनीला जास्त टेकतो, वजन पसरतं आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. उंटाचे पाय रुंद आणि पसरट असतात ते याचसाठी. पण तीच हवा घेऊन दगडाळ माळावर गेलात, तर टायरची बाजू फाटू शकते. त्यामुळे हवा काढणं आणि भरणं दिवसभर चालूच.

दुसरं, टेकडी वाचता येणं. ज्या बाजूने वारा येतो तो उतार सहसा घट्ट आणि सौम्य, पलीकडचा तीव्र आणि भुसभुशीत. माथ्यापलीकडे काय आहे ते ड्रायव्हरला दिसत नाही. म्हणून दुसरी आधी चालत वर जाते, बघते आणि हाताने खूण करते. उतरताना गाडी सरळ ठेवायची, आडवी झाली की कलंडते. चढ जमत नाही असं वाटलं, तर वळायचं नाही, आलेल्या चाकोरीतूनच मागे यायचं.

आणि रुतलीच तर? ॲक्सिलरेटर सोडायचा. जितकी चाकं फिरवाल तितकी गाडी खाली जाते. फावड्याने वाळू उपसायची, चाकाखाली पट्ट्या घालायच्या, हळूच बाहेर काढायची. वाटेत आयोजकांच्या मेकॅनिकला बोलावता येतं, पण त्याचाही दंड पडतो.

तयारी कशाची करतात?

गाडीची दुरुस्ती, वाळूतला सराव, नकाशावाचनाचं प्रशिक्षण आणि प्रायोजक मिळवण्याची धडपड, हे सगळं स्पर्धेच्या कितीतरी आधी सुरू होतं. पण तयारीचा मोठा भाग असतो जोडीदार निवडण्याचा. झोप अपुरी, ऊन कडक आणि एकीला वाटतंय डावीकडे, दुसरीला उजवीकडे. अशा वेळी शांतपणे थांबून ‘शेवटचं खात्रीचं ठिकाण कोणतं होतं?’ हे एकमेकींना विचारता आलं पाहिजे. भांडत गाडी पुढे नेली, तर प्रत्येक किलोमीटर खात्यात जमा होतो.

अशी ही एकच स्पर्धा आहे का?

नाही. गझेल रॅलीत उतरलेल्या एमिली मिलर यांनी २०१६ मध्ये अमेरिकेत रेबेल रॅली सुरू केली. तीही महिलांचीच, जीपीएसविना, नेवाडा आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात. तिथे ‘ब्लॅक’ चेकपॉइंटवर तर बहुतेक वेळा झेंडाही नसतो, नुसतं वाळवंट. आपण बरोबर जागी आलो, असं वाटेल तिथे बटण दाबायचं.

आपल्याकडे राजस्थानात डेझर्ट स्टॉर्म रॅली व्हायची. तिच्यातल्या टीएसडी प्रकारात ठरलेला सरासरी वेग पाळायचा असतो, आणि वेळेआधी पोहोचलं तरी दंड बसतो. म्हणजे तिथेही नुसता पाय दाबून भागत नाही.

फोनमधली बाई ‘पुढे उजवीकडे वळा’ म्हणते आणि आपण वळतो. चुकलो तर ती बिचारी न रागावता दुसरा रस्ता शोधून देते. सहारात ती सोय नाही. तिथे आपण कुठे आहोत हे आपल्यालाच ओळखावं लागतं, आणि चुकलो तर त्याचे किलोमीटरही आपल्याच नावावर लागतात.