माहिती चौकट : हौशी छायाचित्रांतील जुन्या वास्तू आणि दारातील जनावरे

शिरपूर तालुक्यातील तापीकाठचे थाळनेर हे खानदेशच्या फारुकी घराण्याचे आरंभीचे सत्ताकेंद्र होते. १३९९ मध्ये मृत्यू पावलेल्या, या घराण्याचा संस्थापक असलेल्या मलिक राजाची व त्याच्या वंशजांची थडगी तेथे आहेत, तर तेथील किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांनी होळकरांकडून घेतला. अशा वास्तूंची हौशी छायाचित्रे २००४ पासून चालणाऱ्या विकिमीडिया कॉमन्स या संग्रहात मुक्त परवान्याने, म्हणजे ठरलेल्या अटी पाळून कोणालाही पुन्हा वापरता येतील अशा रीतीने, देता येतात. वास्तूचे छायाचित्र काढणे वा प्रसिद्ध करणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार हक्कभंग ठरत नाही.

खरी उणीव साध्या घरांच्या छायाचित्रांची आहे. खानदेशातील धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरे सहसा कोणत्याही संरक्षित यादीत नसतात. मात्र पोळ्याला सजवलेल्या बैलाचे किंवा ओसरीवर बसलेल्या कुत्र्याचे छायाचित्र घेताना मागची कोरीव चौकट, लाकडी खांब आणि भिंतीचा गिलावा आपोआप टिपला जातो, आणि घर पाडले गेल्यावर कदाचित तेवढाच पुरावा उरतो, म्हणून असे छायाचित्र कापून केवळ प्राण्यापुरते ठेवू नये. छायाचित्राच्या फाइलमध्ये दडलेली तारीख व स्थळाचे अक्षांश-रेखांश अभ्यासकाला मोलाचे असतात, परंतु राहत्या घराच्या बाबतीत ते प्रसिद्धीपूर्वी काढून गाव व वर्ष तेवढे लिहिणे आणि घरमालकाची संमती घेणे इष्ट होय.