शेवट चांगला आहे ना?



चित्रपट पाहायला निघायचे म्हटले की आपल्या घरांमध्ये तिकिटाच्या दराआधी एक प्रश्न येतो, "शेवट चांगला आहे ना?" यातला 'चांगला' म्हणजे नीट लिहिलेला किंवा छान वठलेला नव्हे. चांगला म्हणजे गोड. कोणी मरत नाही, ताटातूट झालेली माणसे भेटतात, दुष्टाला शिक्षा होते. मंडळाच्या कार्यक्रमासाठी चित्रपट निवडतानाही हाच निकष लागतो आणि निम्मी यादी तिथेच गळते. या आवडीला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. पण गोड शेवटालाही काही किंमत मोजावी लागते, आणि ती कोणाच्या खात्यातून जाते हे पाहण्यासारखे आहे.

ही आवड आपल्यात फार जुनी आहे. श्रावणातल्या कहाण्या 'सुफळ संपूर्ण' झाल्याशिवाय आजी उठत नसे. संस्कृत नाट्यशास्त्राने कथानकाच्या पाच अवस्था सांगितल्या, त्यातली शेवटची 'फलागम', म्हणजे नायकाला फळ मिळणे. मधे कितीही विरह, शाप, संकटे येवोत, अखेरीस फळ मिळायचे आणि भरतवाक्याने सर्वांचे कल्याण चिंतायचे. भासाच्या 'ऊरुभंग'मध्ये दुर्योधन रंगमंचावरच प्राण सोडतो, पण तो अपवाद. 'शाकुंतल'चे उदाहरण याहून बोलके आहे. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला ओळखतो आणि तरीही भर दरबारात नाकारतो. कालिदासाने त्यात दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली. राजा विसरला, म्हणजे त्याचा दोष नाही. आता शेवटी दोघांना भेटवले तरी प्रेक्षकाला खटकत नाही. सुखान्त हवा असेल तर नायकाचे खाते आधी असे स्वच्छ करून घ्यावे लागते.

मराठी रंगभूमीवर शोकान्त नाटक रुजले ते इंग्रजी नाटकांच्या, विशेषतः शेक्सपिअरच्या ओळखीनंतर. आपल्या बडोद्याला तर याचा खास अभिमान असायला हवा. राम गणेश गडकरींचे 'एकच प्याला' गंधर्व नाटक मंडळीने 1919 च्या फेब्रुवारीत रंगभूमीवर आणले ते इथे, बडोद्यात. गडकरी त्याआधी महिनाभरच वारले होते, त्यांना तो प्रयोग पाहता आला नाही. (ज्या गावात दारूच्या दुष्परिणामांवरचे एवढे मोठे नाटक पहिल्यांदा झाले, ते गाव आज दारूबंदीच्या राज्यात आहे. योगायोग म्हणायचा!) सुधाकर हुशार वकील. कोर्टातला अपमान आणि सनद जाणे त्याच्या मनाला लागते, तळीराम पेला पुढे करतो, आणि पडदा पडेपर्यंत सुधाकर, सिंधू आणि त्यांचे तान्हे बाळ यांपैकी कोणीही उरत नाही.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. कोणी मेले म्हणून नाटक शोकान्त होत नाही. अपघातात माणूस गेला तर ती दुःखद बातमी. शोकांतिकेत माणूस आपल्याच एखाद्या दोषाने, बहुधा गुणांना चिकटलेल्या दोषाने, पायरी पायरीने खाली जातो. सुधाकराचा मानीपणा हाच त्याचा गुण आणि तोच त्याचा घात. म्हणून प्रेक्षक रडतो तेव्हा त्याला वाटत राहते की हे थांबवता आले असते. 'आला असता' हे दोन शब्द तो नाट्यगृहातून घरी घेऊन जातो. सुधाकर शेवटच्या अंकात सुधारला असता तर ते घरी नेण्याचे कारणच उरले नसते. प्रश्न रंगमंचावर सुटला, आपण टाळ्या वाजवून मोकळे.

हा फरक नीट दिसतो तो एकाच प्रश्नाचे दोन शेवट शेजारी ठेवल्यावर. प्रश्न आहे म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचे लग्न. देवलांच्या 'संगीत शारदा'त (1899) पैशाच्या लोभाने बाप मुलीला भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो. ऐन वेळी दोघांचे गोत्र एकच निघते, लग्न मोडते, पुढे शारदेला कोदंड मिळतो. सुखान्त! पण लग्न कशाने मोडले? वयाने नव्हे, गोत्राने. भुजंगनाथाचे गोत्र वेगळे असते तर? बँकेच्या भाषेत याला मी कर्ज राइट ऑफ करणे म्हणेन. पुस्तक स्वच्छ दिसते, वसुली झालेली नसते. तरीही देवलांना कमी लेखायचे नाही. त्या नाटकाने घराघरांत हा विषय बोलायला लावला. (बालविवाहाविरुद्धचा 1929 चा 'शारदा कायदा' या नाटकावरून ओळखला जातो असे अनेकांना वाटते. ते नाव विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडांचे आहे.)

त्यानंतर अडतीस वर्षांनी, 1937 मध्ये, प्रभातचा 'कुंकू' आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीची. इथे गोत्र मदतीला येत नाही, लग्न होऊनच जाते. शांता आपटेंची नीरा त्या लग्नाला मनाने नवरा-बायकोचे नाते मानायलाच नकार देते. हळूहळू केशवराव दात्यांच्या काकासाहेबांना आपण काय केले ते उमगते, आणि तिला मोकळे करण्यासाठी ते जीव देतात. हा सुखान्त की शोकान्त? नीरा सुटली म्हणावे तर ती विधवा झाली, आणि विधवेचे पुढे काय होई ते त्या काळच्या प्रेक्षकाला सांगायला नको होते. ज्या समाजाने हे लग्न लावले तो तसाच्या तसा उभा आहे. मला 'कुंकू'चा शेवट 'शारदा'पेक्षा खरा वाटतो तो यामुळे.

आता आजकालचे उदाहरण. नागराज मंजुळेंचा 'सैराट' (2016) बहुतेकांनी पाहिला आहे. आर्ची-परशा पळून हैदराबादला जातात, हालअपेष्टा सोसतात, भांडतात, सावरतात, मूल होते. चित्रपट इथेच संपला असता तर? नक्कीच सुखान्त ठरला असता, आणि कोणाची तक्रारही नसती. शेवटची काही मिनिटे सगळे बदलतात. माहेरची माणसे भेटी घेऊन येतात, आणि शेजारणीकडून परतलेले लेकरू रक्तात पाय भरून बाहेर पडते. अजय-अतुलच्या संगीताने दुमदुमलेला चित्रपट तिथे पूर्ण मुका होतो. म्हणजे गोष्ट सुखाची की दुःखाची हे पुष्कळदा ती कुठे थांबवली यावर ठरते.

याच्याच हिंदी 'धडक'मध्ये (2018) शेवट दुःखाचाच ठेवला, पण फिरवला. तिथे नवरा आणि मूल मारले जातात, ती वाचते. रडू दोन्हीकडे येते. पण 'सैराट'मध्ये मुलीलाही तिच्याच घरचे सोडत नाहीत, कारण रागाचे मूळ जात आहे. आणि मागे उरते ते काहीच न समजणारे मूल. ते मोठे होऊन काय करील, हा प्रश्न घेऊन आपण बाहेर पडतो. 'धडक'मध्ये जातीचा विषयच फिका केलेला, त्यामुळे शेवट धक्का देतो, पण मागे फारसे काही ठेवत नाही.

इतके बोलल्यावर गोड शेवटाची बाजूही मांडली पाहिजे. माझी आई अखेरच्या आजारात होती तेव्हा आमच्या घरी 'लाखाची गोष्ट' किती वेळा लागला याची मोजदाद नाही. तिला पुढचा प्रत्येक प्रसंग पाठ होता, आणि तेच तिला हवे होते. स्वतःचा शेवट ज्याला दिसतो आहे त्याने पडद्यावर आणखी एक का पाहावा? अशा घरात 'शेवट चांगला आहे ना' हा प्रश्न अगदी रास्त आहे. ज्यांना मधला मार्ग हवा त्यांनी 'श्वास' (2004) पाहावा. कर्करोगामुळे नातवाचे डोळे जातात, ते टळत नाही. पण मूल वाचते आणि आजोबा त्याला घेऊन कोकणात परततात. डॉक्टर चमत्कार करीत नाहीत आणि तरीही पाहणारा खचत नाही.

मालिकांबद्दल मात्र माझे मत कडक आहे. त्यांना शेवटच नसतो. 'चार दिवस सासूचे' 2001 पासून 2013 पर्यंत चालली! प्रेक्षकसंख्येचे आकडे ठरवतात की गोष्ट पुढे न्यायची की गुंडाळायची. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधला मिहीर मेला तेव्हा प्रेक्षकांनी एवढा गहजब केला की त्याला परत आणावे लागले. मरणही जिथे पक्के नाही तिथे दुःखाला वजन कुठून येणार? आणि आकडे घसरले की शेवटच्या आठवड्यात दहा वर्षांची खलनायिका अचानक माफी मागते आणि सगळे एकत्र फोटो काढतात. त्यापेक्षा 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' (2012) बरी. गोडच होती, पण वर्षाच्या आत संपली, कारण सांगायचे होते ते सांगून झाले होते.

दुःखाचा शेवट नेहमी धीट असतो असेही नाही. 'शोले' (1975) घ्या. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. आणीबाणीचे दिवस होते, माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घ्यावा हे सेन्सॉरला चालले नाही, म्हणून पोलीस वेळेवर पोचतात असे करावे लागले. हा किस्सा सर्वांना माहीत आहे. मला मात्र दुसरेच खटकते. विधवा राधाचे जयशी लग्न व्हावे म्हणून ठाकूर स्वतः तिच्या वडिलांशी बोलतो आणि ते तयारही होतात. आपल्या लोकप्रिय चित्रपटात विधवाविवाह इतक्या सहजपणे उभा राहिला होता. मग जय मरतो. सारे थिएटर रडते, आणि ते लग्न दाखवण्याची वेळच येत नाही. राधा खिडकी लावून घेते. इथे सुखान्तच जास्त हिमतीचा झाला असता.