पाळणा एकच, तऱ्हा चार

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरीला असलेले एक गृहस्थ संध्याकाळी आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. "डॉक्टरसाहेब, उद्या सारे जण नागपूरकडे झुल्याच्या पार्कात चाललो. ह्या पोट्ट्याले गाडी लागते. काही गोळी देऊन ठेवा." मुलगा नऊ वर्षांचा. मी त्याचे वजन पाहून औषध लिहून दिले, "मजा करा" म्हटले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले.

सहल झाली. नंतरच्या दोन दिवसांत त्या घरातली चारही माणसे एकेक करून माझ्याकडे आली. चौघेही एकाच मोठ्या पाळण्यात शेजारी शेजारी बसले होते. मुलाला खाली उतरताच उलट्या झाल्या. त्याची आई त्या दिवशी ठणठणीत होती, पण दुसऱ्या दिवशी पहाटे कूस बदलताच घर गरगर फिरू लागले. चौसष्ट वर्षांच्या आजीला काहीच झाले नाही. उलट "अजून एक चक्कर मारू द्या" म्हणून ती तिकिटाच्या खिडकीपाशी अडून बसली होती. आणि वडील? त्यांची हकीकत शेवटी सांगतो.

यात्रेतला आकाशपाळणा आपल्याला नवा नाही. दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडया असोत की नागपुरातला ताजबागचा उर्स, पाळणे, फिरती नाव आणि 'ब्रेक डान्स' यांच्याशिवाय गर्दीला रंग चढत नाही. १९८९ साली मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड निघाले, ते आता बंद झाले. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका आले. आता तर शाळांच्या सहलीही अशा पार्कांत जातात. तेव्हा एकाच पाळण्यावर एकाला मजा वाटते आणि दुसऱ्याला मरण आठवते, हे का होते, ते समजून घेतलेले बरे.

कानातली लेव्हल

कान फक्त ऐकण्यासाठी नसतो. आतल्या कानात प्रत्येक बाजूला तीन अर्धगोल नळ्या असतात आणि त्यांत पातळ द्रव असतो. गवंड्याच्या लेव्हलच्या नळीसारखे हे यंत्र आहे असे समजा. डोके वळले की द्रव मागे रेंगाळतो, नळीतले बारीक केस वाकतात आणि मेंदूला बातमी जाते की आपण फिरतो आहोत. लहानपणी फुगडी खेळून थांबल्यावर अंगण फिरताना तुम्ही पाहिलेच असेल. बादलीतले पाणी काठीने ढवळून काठी काढली तरी पाणी फिरतच राहते, तसाच हा प्रकार. आपण थांबलेलो असतो, पण कानातला द्रव थांबलेला नसतो.

गंमत म्हणजे कानातील मळ काढताना हे यंत्र तपासण्याची युक्ती सापडली. व्हिएन्नाचे डॉ. रॉबर्ट बारानी कान पाण्याने धुवत, तेव्हा पाणी फार गार किंवा फार गरम असले की पेशंटला चक्कर येई. त्याचा त्यांनी पाठपुरावा केला आणि त्या कामासाठी त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याही आधी, १८८२ साली, अमेरिकेतील प्राध्यापक विल्यम जेम्स यांनी पाचशेहून जास्त मूकबधिरांना गरगर फिरवल्यावर काय होते याची माहिती गोळा केली होती. त्यांतल्या दीडशेहून अधिक लोकांना चक्कर आलीच नाही. त्यांच्या कानातील ऐकण्याच्या यंत्राबरोबर हे तोलाचे यंत्रही बंद होते.

आता मळमळ का होते ते पाहू. मेंदूला तीन ठिकाणांहून बातम्या येतात : डोळे, कान आणि पायांचे स्नायू व सांधे. तिन्ही बातम्या जुळल्या तर ठीक. पाळण्यात पाठ खुर्चीला बांधलेली, समोरचा दांडा स्थिर, पण कान ओरडतो की आपण उलटे होतो आहोत. बातम्या जुळत नाहीत, मेंदू गोंधळतो आणि मळमळ, थंड घाम, तोंडाला पाणी सुटणे, उलटी अशी रांग लागते. एसटीत पुस्तक वाचणाऱ्याला गाडी लागते ती याच कारणाने. ड्रायव्हरला मात्र सहसा लागत नाही, कारण वळण कुठे आहे हे त्याच्या मेंदूला आधीच ठाऊक असते.

हा त्रास दोन वर्षांखालच्या बाळाला क्वचितच होतो. साधारण सहा ते बारा या वयात तो सर्वांत जास्त असतो आणि पुढे कमी होत जातो. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, अर्धशिशी असलेल्यांनाही जास्त होतो आणि पुष्कळदा घराण्यात चालत आलेला असतो. म्हणून उलटी करणाऱ्या मुलाला "भित्रा कुठला" म्हणून हिणवू नका. त्याचा धीर कमी नाही. त्याचा कान तिखट आहे. त्या नऊ वर्षांच्या मुलाने गोळी घेतली होती, पण पार्कात शिरल्यावर, पाळण्याच्या रांगेत उभे राहून. ही औषधे सुमारे तासभर आधी घ्यायची असतात. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा उलटीतूनच बाहेर पडते.

आईची चक्कर वेगळी

आईला वाटले, मुलाला झाला तोच त्रास आपल्याला उशिरा झाला. तसे नव्हते. आतल्या कानात एका पिशवीवर कॅल्शियमचे अगदी बारीक खडे चिकटलेले असतात. डोक्याला हिसका बसला, किंवा पुष्कळदा काही कारण नसतानाही, त्यांतले काही सुटतात आणि शेजारच्या अर्धगोल नळीत शिरतात. मग कूस बदलली, वर फळीवरचा डबा काढायला मान मागे केली की काही सेकंद सारे फिरते आणि थांबते. पन्नाशीनंतर हा विकार जास्त दिसतो, पण तरुणपणीही होतो.

या बाईंना शेजारणीने "मानेचा मणका सरकला" म्हणून पट्टा बांधायला सांगितला होता. पट्ट्याने हे खडे जागेवर जात नाहीत. पेशंटला कॉटवर निजवून डोके ठराविक क्रमाने वळवले की ते पुन्हा पिशवीत घसरतात. अमेरिकेतील डॉ. जॉन एप्ली यांनी ही पद्धत बसवली. औषध नाही, सुई नाही, दहा मिनिटांचे काम. बाई उठून बसल्या आणि म्हणाल्या, "एवढंच होतं?" एवढेच होते. मात्र चक्करीबरोबर बोलणे अडखळले, एक हात-पाय लुळा पडला, दोन दोन दिसू लागले किंवा डोके असह्य दुखू लागले, तर तो खड्यांचा खेळ नव्हे. तेव्हा ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यावे.

छातीतली धडधड

पाळणा वर चढू लागला की पोटात गोळा येतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो, तळहातांना घाम सुटतो, तोंड कोरडे पडते. समोर वाघ आला असता तर शरीराने हीच तयारी केली असती. कुणाचा मेंदू या खळबळीला मजा म्हणतो, कुणाचा भीती म्हणतो. अंगातले रसायन तेच.

जर्मनीत मानहाइम येथील डॉक्टरांनी ५५ निरोगी लोकांच्या छातीला ईसीजीचे यंत्र लावून त्यांना रोलर कोस्टरमध्ये बसवले. २००७ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. बसण्यापूर्वी मिनिटाला नव्वदच्या आसपास असलेले ठोके सरासरी दीडशेच्या वर गेले होते. लक्षात घ्या, ही माणसे धावली नव्हती की जिना चढली नव्हती. खुर्चीत नुसती बसलेली होती. निरोगी हृदयाला याचे काही वाटत नाही. दोन-चार मिनिटांत ते पूर्वपदावर येते. पण ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याला हा एकदम अंगावर आलेला चढ आहे.

काहींचे उलटे होते. भीतीने नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो आणि भोवळ येते. रक्त काढताना सुई पाहून जे कोसळतात ते याच जातीचे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. सकाळपासून पाणी न पिता उन्हात रांगेत उभे राहिले तर अशी भोवळ लवकर येते. अशा माणसाला बळेच बसते करू नये. आडवे निजवून पाय उशीवर ठेवावेत.

मधुमेहींनी आणखी एक ध्यानात ठेवावे. साखर उतरली की घाम, थरथर, धडधड होते, आणि पाळण्याची भीती वाटली तरी हेच होते. इन्सुलिन किंवा गोळी घेऊन, जेवण चुकवून पाळण्यात बसलेल्या माणसाची साखर उतरली तर शेजारचे "घाबरला, घाबरला" म्हणून हसत राहतील.

मुतखड्याचाही एक किस्सा आहे. अमेरिकेत मिशिगनमधील डॉ. डेव्हिड वार्टिंगर यांना काही पेशंटांनी सांगितले की रोलर कोस्टरमध्ये बसल्यावर खडा पडला. त्यांनी मूत्रपिंडाचा सिलिकॉनचा नमुना करून त्यात खरे खडे घातले आणि तो घेऊन ते वीस वेळा रोलर कोस्टरमध्ये बसले. मागच्या डब्यात सुमारे ६४ टक्के वेळा खडा सरकला, पुढच्या डब्यात सुमारे १७ टक्के. हे २०१६ साली प्रसिद्ध झाले. आपल्या उष्ण भागात मुतखड्याचे पेशंट पुष्कळ, म्हणून लगेच पार्काची वाट धरू नका! मोठा खडा सरकून मूत्रनळीत अडकला तर काय होते, ते ज्याने सोसले त्याला विचारा.

आता वडिलांची हकीकत

वय सेहेचाळीस. "मले काही होत नाही" हा त्यांचा आवडता शब्द. रक्तदाबाची गोळी चालू होती, पण बरे वाटते म्हणून महिनाभरापूर्वी त्यांनी ती मनानेच बंद केली होती. पाळणा खाली येताना छातीवर कुणी पाय ठेवल्यासारखे वाटले. बायको-पोरांपुढे बोलायचे कसे म्हणून गप्प राहिले. रात्री गॅस समजून सोडा प्यायले. सकाळी सातला दवाखान्याच्या दारात उभे. "गॅस झाला साहेब, एक सुई लावून द्या." शर्ट घामाने भिजला होता. मी सुई लावली नाही, ईसीजी काढला. कागद पाहून अ‍ॅस्पिरिनची गोळी चावायला दिली, १०८ ची गाडी बोलावली आणि त्यांना नागपूरला पाठवले. अडलेली रक्तवाहिनी त्याच दिवशी उघडली गेली. आज ते कामावर आहेत.

हा झटका पाळण्याने आणला असे मी म्हणणार नाही. वाहिनी वर्षानुवर्षे अरुंद होत होती. पाळण्याने ते उघडे केले. आजीचे वय जास्त, रक्तदाबही होता, पण तिची गोळी एक दिवसही चुकली नव्हती आणि मागच्याच आठवड्यात तिचा दाब तपासलेला होता. वयावरून किंवा धिटाईवरून प्रकृती ओळखता येत नाही, ती अशी. (म्हणून साऱ्या आज्यांनी मोठ्या पाळण्यात बसावे, असा अर्थ काढू नये.)

एक चूक माझीही झाली. सहलीच्या आदल्या दिवशी हे गृहस्थ माझ्यासमोर खुर्चीत बसले होते. रक्तदाबाचे यंत्र टेबलावरच होते. मी मुलाचे वजन केले, बापाचा दंड मोकळा केला नाही. दोन मिनिटांचे काम होते. ते मी केले असते तर बंद केलेली गोळी तिथेच कळली असती.

सहलीला जाताना

१. हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, फिट्स, मान-कंबरेचे दुखणे, नुकतेच झालेले कुठलेही ऑपरेशन, डोळ्याच्या पडद्याचा विकार आणि गर्भारपण यांत वेगवान पाळणे टाळावेत. दाराशी लावलेली पाटी वाचावी.

२. उंचीच्या पट्टीपेक्षा लहान मुलाला "चालतंय" म्हणून आत घुसवू नये. दांडा त्याच्या अंगाला घट्ट बसत नाही.

३. नेहमीच्या गोळ्या सहलीच्या दिवशीही वेळेवर घ्याव्यात.

४. उपाशी बसू नये आणि समोसे-भजी खाऊन लगेचही बसू नये. हलके खाऊन तासभर थांबावे. पाणी, लिंबूपाणी किंवा मठ्ठा पीत राहावे.

५. मळमळ होणाऱ्याने डोके मागे टेकवून स्थिर ठेवावे. फिरत्या नावेत टोकाला न बसता मध्ये बसावे, तिथे झोका लहान असतो. दोन पाळण्यांच्या मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा.

६. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी. तिने झोप येते, म्हणून मोटारसायकल चालवत परत येणाऱ्याने ती घेऊ नये.

७. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम : हे पाळण्यावर होवो की घरी, गॅस समजून रात्र काढू नये.

आणि शेवटचे. घरातले कुणी "मी खालीच थांबतो" म्हणाले, तर त्याला थांबू द्यावे. ओढून नेऊ नये आणि घरी येऊन त्याची थट्टाही करू नये. त्याचे शरीर त्याला काय सांगते आहे, हे आपल्याला ऐकू येत नाही.

आता सुट्ट्यांच्या दिवसांत कुणी मुलाच्या गाडी लागण्याची गोळी मागायला आला की मी आधी त्यालाच म्हणतो, "भाऊ, बाही वर करा."