दात हरवलेली आजी आणि सोफिया

आज आम्ही एका कादंबरीबद्दल बोलणार आहोत. कादंबरी दूरच्या फिनलंड देशातली आहे. नाव ‘द समर बुक’, म्हणजे उन्हाळ्याचं पुस्तक. लेखिका टोव्हे यान्सन. तिची आई १९७० साली वारली आणि १९७२ साली हे पुस्तक आलं. पुस्तकातली आजी तिने आईवरून रंगवली आणि सोफिया भावाच्या मुलीवरून.

समुद्रातलं इवलंसं बेट. उन्हाळ्यात तिथे तिघं राहतात: आजी, तिची लहानगी नात सोफिया आणि सोफियाचे बाबा. बाबा सदा आपल्या कामात. हा माणूस जरा बोलेल तर बरं, असं आम्हाला वाचताना सारखं वाटत होतं! त्यामुळे पोर दिवसभर आजीच्याच मागे.

आजी मात्र भारी आहे. सिगारेट ओढते. झाडीत एकटी बसून लाकडाची जनावरं कोरते. शेजारच्या बेटावर कुणी नवं घर बांधून ‘येण्यास मनाई’ अशी पाटी लावली, तर ही नातीला घेऊन तिथे जाते आणि चाकूने कुलूप उघडते. पहिल्याच प्रकरणात तिचे खोटे दात बागेत हरवतात. सोफिया ते शोधून देते आणि लगेच विचारते, आजी, तू कधी मरणार? आजी ना रागावते, ना डोळ्यांना पदर लावते. लवकरच, असं सांगून मोकळी होते.

आता खरी गोष्ट. सोफियाची आई वारलेली आहे. अख्ख्या पुस्तकात हे फक्त एका वाक्यात येतं: पोरीला जाग येते आणि आठवतं, की आई नाही म्हणून आता तिला स्वतंत्र पलंग मिळालाय. पुन्हा त्याबद्दल चकार शब्द नाही. पण आतलं दुःख भलत्याच वाटांनी बाहेर येत राहतं.

सोफियाच्या हातून कुदळीने गांडूळ तुटतं आणि ती बारीकसारीक जिवांना घाबरू लागते. गांडूळखताचा वाफा उपसणाऱ्या आपल्याला ही किती किरकोळ गोष्ट! आजी हसत नाही, ‘वेडी की काय’ म्हणत नाही. सोफिया तुटलेल्या गांडुळांवर पुस्तक रचते. ती सांगते आणि आजी मुकाट्याने लिहून घेते. तुटल्यावर त्या तुकड्यांना काय वाटत असेल, हे पोर सांगत जाते. ती कुणाबद्दल बोलतेय, ते आम्ही वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे अशा पोराला आपण काय सांगतो? आई देवाघरी गेली, चांदणी झाली, रडू नको. मग हातात खाऊ देतो. मायेनेच देतो, पण त्या पोराला जे विचारायचं असतं ते तसंच आत राहतं. सोफिया आजीशी स्वर्ग-नरकावरून कडाकडा भांडते. नरक आहेच, असा तिचा हट्ट. आजी म्हणते, नाही. पोर संतापते, तरी आजी तिला ‘मोठ्यांशी असं बोलू नये’ म्हणून गप्प करत नाही. शेवटी दोघी शेणाच्या पोवट्यांवरचं गाणं म्हणत घराकडे निघतात.

एकदा सोफियाला फार कंटाळा येतो. काहीतरी घडू दे, असं ती देवाला म्हणते आणि खरंच मोठं वादळ येतं. आधी ती खूश होते. मग घाबरते, हे सगळं माझ्यामुळे झालं! घरात कुणी गेलं की लहान मुलं नेमकं हेच मनात धरतात: मी हट्ट केला म्हणून आई आजारी पडली. आजी शांतपणे सांगते, तुझ्याआधी मीच वादळ मागितलं होतं. साफ थाप! पण पोर पुरी चौकस. तिचा उलटा सवाल, मग येताना खायला-ल्यायला इतकं कमी का आणलंस? तुझा देवावर भरवसा नव्हता का?